टोलेडोचे ज्यू आणि रक्ताचा कायदा



आमचा व्यवसाय इतिहासाचा नव्हे. वर्गणीच्या पावत्या फाडणे, गेटसभा घेणे आणि लेबर कोर्टाच्या तारखा सांभाळणे, यांतच आमचे आयुष्य गेले. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांतून. तेव्हा स्पेनमधील टोलेडो नगराविषयी आणि तेथील ज्यू लोकांविषयी आम्ही बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु या नगराच्या इतिहासात करवसुलीचा एक प्रसंग आहे. तो वाचताना साडेपाचशे वर्षांपूर्वीचे काही वाचतो आहोत असे आम्हांला वाटलेच नाही. त्या प्रसंगाशी पोचण्यापूर्वी नगराची थोडी ओळख करून घेऊ.

माद्रिदच्या दक्षिणेस सुमारे 70 किलोमीटरांवर, ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकाळ टेकडीवर टोलेडो वसले आहे. व्हिसिगॉथ राजांची ही राजधानी. त्या काळीही येथे ज्यू होते, आणि राजे व बिशप यांच्या सभांनी त्यांच्याविरुद्ध कडक कायदे केले होते. 711 साली अरब व बर्बर सैन्य स्पेनमध्ये उतरले आणि टोलेडो मुसलमानांच्या हाती गेले. 1085 साली कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याने ते परत घेतले. राज्ये बदलली, पण ज्यू तेथेच राहिले. बाराव्या शतकात दक्षिणेत अल्मोहाद सत्तेने छळ आरंभिला, तेव्हा तिकडून निघालेले कित्येक ज्यू विद्वान टोलेडोच्या आश्रयास आले. इतिहासकार अब्राहम इब्न दाऊद हा त्यांपैकीच एक.

या लोकांजवळ कोणती पुंजी होती? भाषांची. अरबी त्यांना घरची, हिब्रू धर्माची आणि कॅस्टिलची बोली बाजाराची. अरबी ग्रंथांतले ज्योतिष, गणित व वैद्यक युरोपला हवे होते. भाषांतराची एक रीत अशी होती की, एकाने अरबी ग्रंथ समोर घेऊन लोकभाषेत तोंडी अर्थ सांगावयाचा आणि दुसऱ्याने तो लॅटिनमध्ये लिहून घ्यावयाचा. पुढे तेराव्या शतकात दहावा आल्फोन्सो या विद्याप्रेमी राजाने लोकभाषेतच ग्रंथ लिहविले. त्याच्या आज्ञेवरून येहुदा बेन मोशे आणि इझाक बेन सिद या दोन ज्यू पंडितांनी ग्रहगणिताची कोष्टके सिद्ध केली. ‘आल्फोन्सोची कोष्टके’ म्हणून ती युरोपात सुमारे तीनशे वर्षे चालली. कोपर्निकसच्या पुस्तकसंग्रहातही त्यांची प्रत होती. म्हणजे ज्या विद्येच्या बळावर युरोप पुढे गेला, तिच्यातला मोठा वाटा या नगरातून गेला आहे.

परंतु हे रामराज्य होते असे मात्र कोणी समजू नये. ज्यू हे कायद्याने राजाचे. राजा राखील तोवर राखलेले. त्यांची वस्ती नगराच्या पश्चिम भागात, त्यांचे कर वेगळे. राजाची मर्जी किती दिवसांची असते, हे त्यांच्याच एका इमारतीच्या इतिहासावरून दिसते.

टोलेडोत आज दोन जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरे, उभी आहेत. पहिले ‘सांता मारिया ला ब्लांका’ या नावाने ओळखले जाते. अष्टकोनी खांबांच्या रांगा, त्यांवर घोड्याच्या नालाच्या आकाराच्या पांढऱ्याशुभ्र कमानी. पाहणाऱ्यास मशिदीचा भास व्हावा असे हे ज्यूंचे मंदिर, आणि नाव पाहावे तर ख्रिस्ती मातेचे! दुसरे ‘एल त्रान्सितो’. ते राजा पेद्रो याचा खजिनदार सॅम्युएल हालेवी याने 1357 च्या सुमारास बांधविले. भिंतींवर गिलाव्यात कोरलेले हिब्रू लेख, मधून मधून अरबी अक्षरे, आणि त्यांच्या जोडीला कॅस्टिलच्या राजाची चिन्हे. त्या लेखांत राजा पेद्रोची स्तुती आहे. त्याच राजाने पुढे तीन-चार वर्षांतच सॅम्युएलला पकडविले, त्याची संपत्ती जप्त केली, आणि सेव्हिल येथे छळ सोसत तो मेला. मालकाची स्तुती भिंतीवर कोरून ठेवल्याने नोकरी पक्की होत नाही.

1391 साली सेव्हिल येथे फेरांद मार्तिनेझ नावाच्या धर्माधिकाऱ्याने वर्षानुवर्षे चालविलेल्या चिथावणीचे फळ दंगलीच्या रूपाने बाहेर पडले. ती आग नगरामागून नगरात पसरली. टोलेडोही तिच्यातून सुटले नाही. हजारो ज्यू मारले गेले, आणि जीव वाचविण्यासाठी त्याहूनही पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. या बाटलेल्या लोकांस ‘कोन्वेर्सो’ म्हणत. आता धर्म एक, देऊळ एक, कायदा एक. तेव्हा तंटा मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, आणि आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

1449 च्या जानेवारी महिन्यात राजाचा सर्वाधिकारी मंत्री आल्वारो दे लूना याने युद्धखर्चासाठी टोलेडोकडे दहा लक्ष माराव्हेदी नाण्यांचे कर्ज मागितले. कर्ज हे नाव. वस्तुतः तो सक्तीचा पट्टाच होता. नगरात संताप उसळला. मद्याच्या चामडी पिशव्या शिवणारा एक कारागीर पुढाऱ्यांत होता, असे बखरकार सांगतात. येथवर आमची सहानुभूती त्या कारागिराकडे आहे. पोटाला चिमटा बसला म्हणजे माणसाने ओरडावे, यात वावगे काही नाही.

पण जमाव गेला कोठे? तो गेला आलोन्सो कोता या कोन्वेर्सो व्यापाऱ्याच्या घरावर. कर गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याचे घर जाळण्यात आले आणि मग कोन्वेर्सोंच्या वस्तीवर हल्ले झाले. पैसा मागणारा आल्वारो दे लूना दूर राहिला, ज्याच्या नावाने पैसा मागितला तो राजा त्याहून दूर. दाराशी येणाऱ्याचा चेहरा तेवढा लोकांच्या ओळखीचा होता. मुकादम रोज दिसतो, मालक दिसत नाही. तशातली ही गोष्ट.

त्या संतापाचा उपयोग करून घेणारा माणूसही हजर होता. पेरो सार्मिएन्तो हा नगरातला बडा अधिकारी बंडाचा पुढारी झाला. त्याच्या नेतृत्वाखाली जून 1449 मध्ये एक निर्णय जाहीर झाला: ज्यूंच्या वंशात जन्मलेल्या कोणाही ख्रिस्ती माणसाने टोलेडोत सार्वजनिक अधिकारपद धरू नये आणि जुन्या ख्रिस्ती माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये. लक्षात घ्या, येथे प्रश्न श्रद्धेचा राहिला नाही. माणूस काय मानतो हे न पाहता त्याचा आजा कोण होता हे पाहावयाचे ठरले. कराच्या तक्रारीतून निघालेली चळवळ रक्ताच्या कायद्यावर येऊन थांबली. सार्मिएन्तो पुढल्या वर्षी नगर सोडून गेला; जाताना लुटीचा माल जनावरांवर लादून गेला. कारागिराच्या पदरात काय पडले, ते सांगावयास नको.

पोप पाचवा निकोलस याने त्याच वर्षी या निर्णयाचा निषेध केला आणि ख्रिस्ती धर्मात नवा-जुना भेद नाही असे बजावले. पण एकदा पेरलेले बी कुजले नाही. 1485 पासून टोलेडोत इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. संत तेरेसा म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या साध्वीचा आजा टोलेडोचा कोन्वेर्सो व्यापारी. त्यालाही या न्यायासनापुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. 31 मार्च 1492 रोजी, बाप्तिस्मा न घेणाऱ्या सर्व ज्यूंनी जुलैअखेर देश सोडावा, असा हुकूम निघाला. आणि 1547 साली टोलेडोचा आर्चबिशप सिलिसेओ याने कॅथीड्रलच्या सेवेतही ‘शुद्ध रक्ता’ची अट घातली. असल्या अटी स्पेनच्या कायद्यातून पुरत्या जावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

या हद्दपारीचे टोक आपल्या किनाऱ्यालाही लागले आहे. गोव्यात 1563 साली भारतीय औषधी वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याचे आईबाप 1492 साली स्पेनमधून पोर्तुगालात गेलेले ज्यू. 1568 साली तो मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले, आणि 1580 साली त्याची हाडे उकरून जाळली. रक्ताचा शोध थडग्यापाशीही थांबत नाही. त्याच पोर्तुगीज लोकांनी आपल्याकडील जाती पाहिल्या आणि त्यांस आपला वंशवाचक शब्द ‘कास्ता’ लावला. इंग्रजीतला ‘कास्ट’ तो हाच. शब्द त्यांचा असला तरी जन्मावरून शुद्धता ठरविण्याची रीत आपणांस त्यांच्याकडून शिकावी लागली नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

आता एक आपबीती सांगून पुरे करतो. आम्ही तरुण असताना एका कारखान्यात बोनस कापला गेला. फाटकावर कुजबूज सुरू झाली की, यादी करणारा टाइमकीपर अमुक जातीचा, आणि त्याने आपल्या लोकांस सांभाळून घेतले. तिसऱ्या दिवशी त्या टाइमकीपरचे डोके फुटले. बोनस कापण्याचा निर्णय ज्या खोलीत झाला, तिच्या काचेलासुद्धा धक्का लागला नव्हता. त्या संध्याकाळच्या गेटसभेत आम्ही बोललो, पण याविषयी अवाक्षर काढले नाही. संपाची एकी फुटू नये, असे आम्ही मनाला समजावले. संप आम्ही हरलो, आणि तो माणूस पुन्हा युनियनची पायरी चढला नाही. ज्याला आम्ही एकी म्हटले, तिच्यातून त्याला आम्हीच बाहेर टाकले होते.

टोलेडोचा तो कारागीर आम्हांला परका वाटत नाही, तो यामुळेच. त्याची तक्रार खरी होती. दार मात्र चुकीचे होते.

1492 चा तो हुकूम रद्द झाल्याचे स्पेनच्या सरकारने 1968 साली जाहीर केले. एल त्रान्सितोमध्ये 1971 पासून ज्यू संस्कृतीचे संग्रहालय खुले आहे. हद्दपार झालेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा 2015 साली झाला. भिंतींवरची हिब्रू अक्षरे अजून वाचता येतात. ती वाचून प्रार्थना करणारी वस्ती मात्र उरली नाही. कायदा मागे घेता येतो, पण गेलेला शेजारी बोलावून येत नाही. म्हणून श्रोतेहो, पट्टी कोणीही मागो, बोनस कोणीही कापो. दगड उचलण्यापूर्वी हिशेब कोणाच्या सहीचा आहे, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या. आम्ही ती फार उशिरा लावून घेतली.