बोडीतला रोहू आला कुठून?



बोडीत मासा दिसला की आपण दोनच गोष्टी विचारतो. किती किलोचा आणि कितीला जाईल? माझं म्हणणं, तिसरी गोष्टही विचारावी. हा इथं आला कसा? सातबारा जसा जमिनीचा मागचा हिशेब सांगतो, तसा मासा पाण्याचा सांगतो. फक्त वाचता आला पाहिजे.

आम्ही मागच्या उन्हाळ्यात नव्या घरी राहायला आलो. घरामागं दहा गुंठ्यांची जुनी बोडी आहे. बाहेरच्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी सांगतो, बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. आमच्या भंडारा-गोंदियाकडं जुन्या शेताला बोडी असतेच. ही बरीच वर्षं कोणी हात न लावलेली, एका बाजूनं बेशरम माजलेली. मासे असतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घरच्यांनी उरलेला भात टाकला आणि पाणी हललं. रोज टाकू लागलो तसे रोज त्याच वेळेला, त्याच कोपऱ्यात मासे जमू लागले. दिवाळीनंतर पाणी उतरलं तेव्हा गावातल्या एका ढिवर बाबांना बोलावून फेकजाळं मारलं. निघाले ते असे : मरळ बरीच, मागूर, बारीक चिल्लर मासा भरपूर, चार मोठे रोहू आणि एक कतला.

मत्स्यबीज विकणारा एक जण त्याच आठवड्यात येऊन बोडी पाहून गेला. म्हणाला, "मोहाची ढेप टाका, जुना मासा साफ करा, मग बोटुकली सोडा." सल्ला पुस्तकाला धरून आहे. मोहाच्या ढेपेत सॅपोनिन असतं, ते माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि ढेपेचं खत होतं. हिशेब पाण्याच्या दर घनमीटरला पाव किलो. माझ्या बोडीत मीटरभर पाणी धरलं तर अडीचशे किलो ढेप लागते. पण जुना मासा म्हणजे नेमकं काय साफ करायचं, हे आधी समजून घ्यावं म्हणून बाबांनाच विचारलं.

बाबा म्हणाले, "भाऊ, मरळ अन् मागूर हे बोडीचेच. रोहू बोडीचा नाही. तो थांबल्या पाण्यात अंडं घालत नाही. त्याला आणावं लागते, नाही तर तो वाहून येते."

सगळा इतिहास या दोन वाक्यांत आहे. आता उलगडून सांगतो.

आधी बोडीचे रहिवासी. मरळ आणि मागूर हवेतला श्वास घेऊ शकतात. नुसत्या कल्ल्यांवर त्यांचं भागवावं लागत नाही. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी ते ओलाव्यात तग धरतात. पहिला मोठा पाऊस झाला, सांडव्यातून आणि बांध्यांतून पाणी वाहू लागलं की प्रवाहाच्या उलट चढतात. चढणीचा मासा म्हणतात तो हाच. ओल्या जमिनीवरून थोडं सरपटतही जातात. मरळ तर आपल्या पिलांच्या घोळक्याची राखण करते, पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका दिसतो तो तिचा. म्हणजे या माशांना कोणी आणावं लागलं नाही. बोडी झाली, बांध्या झाल्या, ओढ्याला पाणी जोडलं गेलं, आणि ते आले.

मग बोडी आणि तळी कोणी केली? आपल्या पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मालगुजारी तलाव साडेसहा हजारांच्या वर मोजले जातात. परंपरा सांगते, की चांद्याच्या गोंड राजांनी जाहीर केलं होतं, जो तळं बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. बांधण्यात कोहळी समाज पुढं होता. नवेगाव बांध हे त्यातलं मोठं नाव. जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे, की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. घेर १७ मैल, पाण्याचा पसारा ५ चौरस मैल. त्याच कोलू पाटलांना पुढं लोकांनी कोलासूर देव केलं, तळ्याकाठच्या एका टेकडीवर त्यांचं देवस्थान आहे. पाणी अडवणारा माणूस आपल्याकडं देवपदाला गेला, ही साधी गोष्ट नाही.

कोहळ्यांनी पाळ घातली, तुडुमातून धानाला पाणी सोडलं, आणि पाण्यातला मासा, कमळकंद, शिंगाडा ढिवरांनी सांभाळला. कोणत्या तळ्यात कोणता मासा कधी गाभोळीवर येतो, कोणत्या झाडाखाली लपतो, हे ज्ञान त्यांच्या घरात राहिलं. इंग्रजी अमलात जमिनीचा बंदोबस्त झाला तेव्हा गावागावाचा 'वाजिब-उल-अर्ज' लिहिला गेला. गावच्या रूढी आणि निस्ताराचे हक्क त्यात नोंदले जायचे. मध्य प्रांताच्या मालगुजारीखाली तळ्याचा मालक मालगुजार असला तरी गावाचे हक्क कागदावर होते.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारनं १९५० मध्ये मालगुजारी रद्द करण्याचा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. गावतळी सरकारजमा झाली. मालगुजारांची सत्ता गेली हे योग्यच झालं. पण त्याबरोबर दरवर्षी पाळीवर माती टाकायला, तुडूम साफ करायला गाव जमायचं, तेही हळूहळू सुटलं. पाणीपट्टीवरून वाद झाले. गाळ साचत गेला. शेतातल्या लहान बोड्या बऱ्याच ठिकाणी खातेदारांकडंच राहिल्या. माझ्या घरामागची त्यातलीच एक. मोठ्या तळ्यांतली मासेमारी पुढं ढिवरांच्या सहकारी संस्थांकडं ठेक्यानं जाऊ लागली.

आता रोहूकडं येऊ. रोहू, कतला, मृगळ यांचं मूळ घर मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या मोठ्या नद्या. पुराच्या पाण्यातच ते अंडी घालतात. म्हणून पूर्वी बीज हवं तर नदीच्या पुरातून जाळ्यानं गोळा करावं लागायचं. बंगालातून ते मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेनं देशभर जायचं. वाटेत हवा मिसळावी म्हणून माणूस हंडी हलवत बसायचा. किती मरायचं आणि किती पोचायचं याचा भरवसा नाही. शिवाय नदीतून गोळा केलेल्या बीजात रोहू किती आणि नको ते मासे किती, हे पिल्लं मोठी झाल्यावरच कळायचं.

हे बदललं १० जुलै १९५७ ला, ओडिशातल्या अंगुल इथं. डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माशाच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी काढली, तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला, आणि थांबलेल्या पाण्यात आपल्या देशी कार्प माशाकडून अंडी घालून घेतली. नदीचा पूर शरीराला जी खूण देतो, ती त्यांनी सुईतून दिली. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळं. नंतर ग्रंथीऐवजी तयार इंजेक्शनं आली, हंडीऐवजी प्राणवायू भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली. बीज तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागलं. गव्हाच्या, धानाच्या नव्या बियाण्यांबद्दल आपण खूप बोलतो. माशाच्या बियाण्यातही तेवढाच मोठा पालट झाला, पण त्याबद्दल बोलणारे थोडे.

म्हणजे माझ्या बोडीतला प्रत्येक रोहू हा १९५७ नंतरच्या इतिहासाचा मासा आहे. त्याचा पूर्वज कुठल्या तरी केंद्रात सुईवर जन्मला. पण तो माझ्या बोडीत कसा? आधीच्या मालकांकडं चौकशी केली. त्यांनी कधीच बीज सोडलं नव्हतं. रोहू साधारण दहा वर्षं जगतो, तेव्हा फार जुन्या काळचाही नाही. बाबांनी बोट दाखवलं ते वरच्या गावतळ्याकडं. तिथं संस्था दरवर्षी बीज सोडते. मोठ्या पावसाच्या साली सांडवा भरून वाहिला, ओढ्यातून पाणी माझ्या बोडीत शिरलं, त्याबरोबर हे आले. वरच्या बाजूला गवतात अडकलेला फाटक्या जाळीचा तुकडाही सापडला. सांडव्याला मासे अडवायला जी जाळी लावतात, तसलीच ती.

इथं प्रश्न हिशेबाचा झाला. मासा माझ्या पाण्यात, पण बीज संस्थेच्या पैशाचं. कायदा काय म्हणेल ते वकील सांगतील. मी संस्थेच्या लोकांना घरी बोलावलं. चार रोहूंपैकी दोन त्यांना दिले, दोन आणि कतला परत पाण्यात सोडला. मासे दोनच, पण त्यानिमित्तानं बोलणं झालं. यंदा सांडव्याची जाळी संस्था आणि मी मिळून लावणार आहोत. वरचा सांडवा आणि खालची बोडी हे एकच पाणी आहे, हे पूर्वी गावाला माहीत होतं. मध्ये विसरलं गेलं.

मोहाची ढेप मी टाकली नाही. कारण सरळ आहे. रोहू-कतला बाजारातून पुन्हा आणता येतो. बोडीची मरळ, मागूर आणि ती बारीक चिल्लर कुठल्या केंद्रात पिशवीत भरून मिळेल याचा नेम नाही. आपल्या देशी मागुराच्या नावाखाली तर आफ्रिकेकडचा, ज्याला थाई मागूर म्हणतात तो खपवला जातो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, कारण तो बाकीचे मासे फस्त करतो. जुनं साफ करून नवं आणताना नेमकं हेच घरात येतं. मरळ बोटुकली खाते हे खरं. त्यावर उपाय, बीज कमी सोडायचं पण वीतभर वाढलेलं. धंद्यासाठी हेक्टरी पाच हजार बोटुकली सांगतात, म्हणजे दहा गुंठ्यांना पाचशे. मी त्याच्या निम्म्याहून कमी सोडणार.

अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बायांनी काही तळ्यांत बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. माशाला लपायला आणि अंडी घालायला जागा झाली, तसा देशी मासा परत वाढला. मीही बेशरम काढून वरच्या कोपऱ्यात गवत ठेवलं आहे.

राहिलं खायला घालणं. हे काही नवीन शास्त्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३१ चा. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे मिळून ३५ प्रकारचे मासे, कोणाला काय खायला द्यावं, गळाची काठी आणि दोरी कशी असावी, हे सगळं त्यात येतं. राजाचा तो शौक होता, पण माशागणिक खाणं वेगळं, ही गोष्ट नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. आपण मात्र सगळ्यांना शिळा भात टाकतो.

मी आता असं करतो. भाताचा कुकुस आणि शेंगदाण्याची ढेप सारख्या वजनानं. ढेप रात्री भिजवायची, सकाळी कुकुस मिसळून भोकं पाडलेल्या पोत्यात भरायची, पोतं बांबूला बांधून अर्धं पाण्यात सोडायचं. प्रमाण माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन. पन्नास किलो मासा असेल तर एक ते दीड किलो, त्यावर नाही. वेळ आणि जागा रोज तीच. कतला वर खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी, म्हणून पोतं थोडं खाली-वर करत राहायचं. मरळीला कुकुसाचं काही नाही, ती तिचं शोधते. ढगाळ दिवशी खाणं बंद. थंडीत निम्मं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, पाण्यात प्राणवायू कमी आहे. तेव्हा खाणं टाकलं तर ते कुजून उरलासुरला प्राणवायूही खाईल. खाणं थांबवा, ताजं पाणी सोडा.

ज्यांच्याकडं जुनी बोडी आहे त्यांना एक विनंती. गाळ काढायला मशीन लावायच्या आधी एकदा जाळं मारा, आणि गावातल्या जाणत्या ढिवराला काठावर बसवून निघालेल्या माशांची नावं लिहून घ्या. देशी कोणते, आणलेले कोणते, वाहून आलेले कोणते, असे तीन रकाने करा. तहसीलच्या अभिलेख कक्षात वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक मागा, अर्ज केल्यावर नक्कल मिळते. माझ्या वहीत आत्तापर्यंत अकरा नावं झाली आहेत. त्यातली चार बाबांनी सांगितली तशीच लिहिली, पुस्तकात त्यांना काय म्हणतात ते कृषी किंवा मत्स्य विभागातल्या वाचकांनी जाळं मारायच्या दिवशी येऊन सांगावं. पुढचं जाळं होळीच्या आधी, पाणी आणखी उतरल्यावर.