आतून कडी

खोलीला एकच दार असतं आणि ते लावलं की आपण एकटे. याची आपल्याला इतकी सवय आहे की हे कधीतरी कुणीतरी ठरवलं असेल, असं वाटतच नाही. पण घराच्या आतल्या दारांनाही इतिहास आहे.

15व्या शतकात इटलीतला वास्तुकार लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती याने घरबांधणीवर लिहिलं. त्याचा सल्ला आजच्या अगदी उलटा आहे. दारं अशी ठेवा, की त्यांतून घराच्या जास्तीत जास्त भागांत जाता येईल! रोममध्ये 1518च्या सुमारास राफाएलने आखलेल्या विला मादामाच्या नकाशात खोलीखोलीला अनेक दारं आहेत. एका खोलीतून दुसरीत, तिथून तिसरीत. कुठेही जायचं तर वाटेत माणसं भेटणारच, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं.

हे चित्र कसं बदललं, ते रॉबिन एव्हन्स या इतिहासकाराने 1978च्या ‘फिगर्स, डोअर्स अँड पॅसेजेस’ या निबंधात उलगडलं आहे. 17व्या शतकात इंग्लंडमध्ये रॉजर प्रॅटने कोलशिल हाउस बांधलं. त्यात घराच्या मधून आरपार पॅसेज होता. ये-जा करणारे नोकर मालकांच्या नजरेस पडू नयेत, हा त्यामागचा एक हेतू. म्हणजे ज्या पॅसेजला आपण प्रायव्हसीची सोय समजतो, त्याची सुरुवात काही माणसांना नजरेआड करण्यातून झाली. 1864पर्यंत रॉबर्ट कर या वास्तुकाराच्या लेखी दुसऱ्या खोलीत जायची वाट असलेली खोली म्हणजे घराचा दोष ठरला होता.

हे सगळं मी वाचलं, कारण सध्या आमच्या पुण्यातल्या नव्या फ्लॅटसाठी दारं निवडायचं काम माझ्याकडे आहे. दुकानात पहिला प्रश्न येतो, लॅमिनेट की व्हिनियर? पण ते फक्त वरचं कातडं. फ्लश डोअर घेताना खरा प्रश्न आत काय भरलंय हा असतो. लाकडी पट्ट्यांनी भरलेलं दार जड असतं आणि आवाज बऱ्यापैकी अडवतं. आत कागदी जाळी असलेलं दार हलकं आणि स्वस्त, पण पलीकडचा फोन ऐकू येतो. बाथरूमला पाण्याने न फुगणारं डब्ल्यूपीसी बरं. एवढं एका दुपारी कळतं. दार कुणाला द्यायचं, हे मात्र दुकानदार सांगू शकत नाही.

आमच्याकडे तो प्रश्न आजीच्या खोलीवरून निघाला. हॉललगतची छोटी खोली तिची. बाबांचं म्हणणं, तिथे सरकतं दार किंवा नुसता पडदा पुरे. रात्री ती पडली तर आवाज तरी यायला हवा. आजी 81 वर्षांची आहे. ती म्हणाली, “मला दार हवं. आणि कडी आतून.”

तिचं माहेर राजापूरकडचं. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. बायकांचा वावर माजघरात, आणि घराची सगळी वाटही माजघरातूनच. विला मादामासारखीच ही खोलीतून खोलीत जाणारी रचना. फक्त ओटीवरच्या पुरुषांना बाहेरचा उजेड आणि वारा मिळे, माजघराच्या वाट्याला अंधार. कुलूप असे ते कोठीच्या खोलीला. बाईला दार लावलेली खोली कधी मिळायची, असं विचारल्यावर आजी म्हणाली, “बाळंतपणात. तीही काळोखी.”

लग्नानंतर ती परळच्या एका चाळीत आली. मुंबईतल्या चाळीची खोली किती असे, याचा अंदाज बीडीडी चाळींवरून येतो. 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 207 इमारती बांधल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. एवढ्यात आतलं दार कुठे बसवणार? आजीच्या खोलीचं एकुलतं दार गॅलरीत उघडायचं आणि दिवसभर उघडंच असायचं. आत सुतळीवर जुनं लुगडं टाकलं की झाला आडोसा.

नंतर वन बीएचके आला. त्यात दार असलेली बेडरूम एकच, ती आईबाबांची. आजी हॉलमध्ये झोपायची. सगळे झोपल्यावर तिचं अंथरूण पडायचं आणि दूधवाला यायच्या आधी ते गुंडाळलेलं असायचं.

म्हणजे कोकणातलं घर, गिरणगावातली चाळ, उपनगरातला फ्लॅट अशी तीन प्रकारची घरं झाली आणि लावता येईल असं स्वतःचं दार तिला एकातही नव्हतं. कोलशिलच्या नोकरांना निदान वेगळी वाट तरी होती. आजीच्या खोलीतूनच सगळ्यांची वाट होती.

बाबांची भीती खोटी नाही. पण तिला उत्तर आहे. दार आत उघडणारं असेल आणि माणूस दारामागेच पडला, तर ते ढकलता येत नाही. म्हणून आजीचं दार बाहेर, हॉलच्या भिंतीकडे उघडेल. साध्या कडीऐवजी बाथरूमला वापरतात तसलं लॉक बसेल. आतून ते बोटाने फिरतं आणि अडचणीच्या वेळी बाहेरच्या खाचेत नाणं घालून उघडता येतं. वॉकर अडकू नये म्हणून तिच्या बाथरूमचं दारही नेहमीच्या अडीच फुटांऐवजी तीन फुटांचं होईल. उंबरठा नसेल. या सगळ्याचा जादा खर्च व्हिनियर सोडून लॅमिनेट घेतल्यावर भरून निघतो.

बाबांनी एकच अट घातली, “आई, रात्री लॉक नको.”

आजी म्हणाली, “रात्री कशाला? मला दुपारी हवंय.”

दुपारी ती काय करणार आहे, हे आम्ही विचारलं नाही. सुताराने लॉक किती उंचीवर हवं, असं विचारलं, तेव्हा तिने खांदा दुखणार नाही इतपत हात वर केला आणि त्याने तिथेच पेन्सिलीने खूण केली.