लिनक्स स्थापना-प्रतिमा : पेन ड्राइव्हवरील लेखनाची चाचणी

लिनक्स वितरणाची आयएसओ प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरविल्यानंतर ती नक्कल अस्सलबरहुकूम आहे की नाही, व तिच्यावरून संगणक सुरू होऊन स्थापना निर्वेध पार पडते की नाही, याची खातरजमा करण्याच्या रीती.

पूर्वपीठिका : आयएसओ ९६६० (१९८८) हे मानक मूळचे तबकड्यांचे, मात्र त्याने आरंभीचे ३२,७६८ बाइट मोकळे राखलेले असल्यामुळे सिसलिनक्स या बूटलोडर-संचातील आयसोहायब्रिड या साधनाला पहिल्या ५१२ बाइटांत एमबीआर (डिस्कच्या आरंभीची बूट-नोंद) बसविता आला आणि एकच प्रतिमा तबकडी व पेन ड्राइव्ह या दोहोंवर जशीच्या तशी चालू लागली. चाचणीच्या इतिहासात ही घटना फार महत्त्वाची होय. कारण यूनेटबूटिनसारखी साधने प्रतिमेतील फायली सुट्या करून मांडीत व बूटलोडर आपला घालीत, त्यामुळे तेथे बाइटशः रुजुवात संभवतच नसे. रूफस या साधनात प्रतिमा जशीच्या तशी उतरविणे व फायली सुट्या मांडणे या दोन्ही रीती उपलब्ध असून त्यांपैकी श्रेयस्कर कोणती, याविषयी मतैक्य नाही.

रुजुवात : लेखनापूर्वी फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम वितरकाच्या स्वाक्षरीयुक्त यादीशी पडताळतात. लेखनोत्तर रुजुवात अधिक नाजूक असून तीच सर्व चाचण्यांचा कणा मानली पाहिजे. प्रतिमा ड्राइव्हवर लिहिणारी डीडी ही आज्ञा संपली असे पडद्यावर दिसले, तरी मजकुराचा काही भाग कर्नेलच्या पेज कॅशमध्येच (स्मृतीतील तात्पुरत्या साठ्यातच) असू शकतो. म्हणून डीडीला एफसिंकचा (मजकूर ड्राइव्हवर पोहोचेपर्यंत थांबण्याचा) पर्याय द्यावा, ड्राइव्ह काढून पुन्हा जोडावा (एरवी वाचनही त्याच कॅशमधून होऊन खोटा निर्वाळा मिळण्याचा संभव असतो), आणि मग प्रतिमेच्या लांबीइतकेच बाइट सीएमपी या आज्ञेने मुळाशी ताडून पाहावेत. ड्राइव्ह प्रतिमेहून मोठा असल्याने संपूर्ण ड्राइव्हचा चेकसम मुळाशी जुळण्याची अपेक्षाच गैर होय. फेडोराच्या प्रतिमांत एमडी५ चेकसम प्रतिमेच्याच वर्णनखंडात, अनुप्रयोगांसाठी राखलेल्या ५१२ बाइटांच्या जागेत, नोंदलेला असतो व प्रारंभीच्या मेनूतील पर्यायाने त्याची तपासणी होते. उबुंटूत अशी तपासणी २०.०४ या आवृत्तीपासून आपोआप सुरू होते.

बूट-चाचणी : बायॉस व यूईएफआय अशा दोन्ही मार्गांनी करतात. क्यूईएमयू या आभासी यंत्रावर, यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ हे फर्मवेअर जोडून, प्राथमिक परीक्षा घेता येते. तथापि प्रत्यक्ष यंत्रांच्या फर्मवेअरमधील वैचित्र्ये तेथे प्रकट होत नसल्याने तिचा दाखला अपुरा समजावा.

ड्राइव्हची क्षमता : प्रत्यक्षाहून अधिक क्षमता दाखविणारे बनावट ड्राइव्ह एफ३ या साधनाने उघडकीस येतात.

सिक्युअर बूट : स्वाक्षरीयुक्त बूटलोडरच चालू देणारी ही यूईएफआयमधील सोय चालू ठेवून स्वतंत्र बूट-चाचणी घेतात.