हरलेला डाव, उरलेली चाल

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गाच्या किल्ल्यांत उपळी बुरूज आहे. तटाच्या आंत उंच उभा राहून तो भोंवतालच्या मुलखावर नजर ठेवतो. शत्रूनें मैदान व्यापलें तरी वरच्या तोफांचा धाक कायम राहतो. बुद्धिबळाच्या पटावर हाच विचार एका बंगाली खेळाडूनें मांडला. त्याची साक्ष एका हरलेल्या डावांत उरली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास बॅरिस्टर जॉन कॉक्रेन व महेशचंद्र बॅनर्जी यांच्यांत शेंकडों डाव झाले. कॉक्रेन विलायती रीतींत मुरलेले, तर महेशचंद्र देशी रीतींत वाढलेले. देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसही सहसा एकच घर सरकतें. त्यामुळें पटाचा मध्य झटपट व्यापण्याऐवजीं मोहरीं सावकाश मांडून दुरून मारा करण्याची संवय खेळाडूस लागे.

१८५५ सालचा एक डाव पट मांडून पाहण्याजोगा आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनीं खेळणाऱ्या कॉक्रेननीं आरंभींच दोन प्यादीं दोन-दोन घरें पुढें लोटलीं. महेशचंद्रांनीं राजाकडील घोडा काढला व त्याच बाजूचें घोड्यापुढील प्यादें एकच घर सरकविलें. तिसऱ्या चालीस मात्र त्यांनीं वजिरापुढील प्यादें विलायती नियमाप्रमाणें दोन घरें टाकून मध्यावर आघात केला. मग रिकाम्या झालेल्या घरांत उंट बसला आणि राजाचा किल्लेकोट झाला. तो उंट म्हणजे त्यांचा उपळी बुरूजच! देशी संवय आणि परकी नियम यांचा असा मेळ बसला. तरीही डाव अखेर कॉक्रेननींच जिंकला.

पुढें १९२२ सालीं ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनीं हीच मांडणी स्पर्धांत आणली. आज ती जगभर त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. घोडा काढून आरंभ होणाऱ्या अशा बचावांच्या कुळास 'इंडियन' हें नांव मिळालें; महेशचंद्रांचें मात्र मांडणीस लागलें नाहीं.

तरी त्यांचा विचार हरवला नाहीं, कारण तो डाव कोणीतरी टिपून ठेवला. आपल्या बैठकींतून डाव संपला कीं मोहरीं पेटींत जात आणि चाली विस्मृतींत. धाराशिवच्या एखाद्या वाड्यांतही तसाच नवा विचार पटावर उमटला असेल; पण शेजारीं कागद-लेखणी नसेल, तर त्याची वार्ता आतां कोण सांगणार?