‘इन्कार’: चुकून पळवलेल्या मुलाचा तपासपट आणि वारीच्या गर्दीतील वास्तव

पंढरपूर - लहान मुलाचे अपहरण, खंडणीचा दूरध्वनी आणि पोलिसांचा तपास या सूत्रावर हिंदीत अनेक चित्रपट निघाले. त्यांत १९७७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘इन्कार’चे स्थान वेगळे आहे. दिग्दर्शक राज सिप्पी यांच्या या चित्रपटात विनोद खन्ना, डॉ. श्रीराम लागू, अमजद खान, विद्या सिन्हा आणि साधू मेहेर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. आज हा चित्रपट बहुतेकांना हेलनवर चित्रित झालेल्या आणि उषा मंगेशकर यांनी गायिलेल्या ‘मुंगडा’ या गाण्यामुळे आठवतो. मात्र गाण्यापलीकडे त्यात एक गंभीर प्रश्न मांडलेला आहे. हरवलेले मूल कोणाचे आहे, यावर त्याच्या जिवाचे मोल ठरते काय, हा तो प्रश्न होय. आषाढी-कार्तिकीला लाखोंची गर्दी अनुभवणाऱ्या पंढरीला आणि एकूणच महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही.

कथानक

पादत्राणांच्या व्यवसायातील एका उद्योगपतीच्या (डॉ. लागू) मुलाला पळवून नेण्याचा डाव रचला जातो. प्रत्यक्षात गुन्हेगार उचलून नेतात ते घरच्या नोकराच्या मुलाला. चूक लक्षात आल्यावरही खंडणीची मागणी मागे घेतली जात नाही. पैसे मात्र मालकानेच द्यायचे असतात. व्यवसायासाठी जमवलेली रक्कम दुसऱ्याच्या मुलासाठी दिली तर स्वतःचे साम्राज्य कोसळणार आणि नाही दिली तर एका निष्पाप बालकाचा जीव जाणार, अशा कात्रीत हा गृहस्थ सापडतो. तपासाची सूत्रे विनोद खन्ना यांनी साकारलेल्या अधिकाऱ्याकडे येतात. अमजद खान यांनी खलनायक रंगवला आहे. ‘शोले’तील गब्बरनंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेली ही भूमिका शहरी आणि थंड डोक्याच्या गुन्हेगाराची होती.

अपहरणपटांत सामान्यतः प्रेक्षकाची सहानुभूती श्रीमंत पित्याकडे सहज वळते. ‘इन्कार’मध्ये ती दोन बापांमध्ये विभागली जाते. एकाचे मूल घरात सुखरूप आहे, पण निर्णय त्याच्या हाती आहे. दुसऱ्याचे मूल गेले आहे, पण त्याच्या हाती काहीच नाही. मालकापुढे हात जोडण्यापलीकडे काही करू न शकणारा नोकर हा या कथेचा खरा केंद्रबिंदू ठरतो.

मराठी कलावंतांचा वाटा

‘इन्कार’मध्ये मराठी रसिकांना अभिमान वाटावा अशा तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे डॉ. श्रीराम लागू. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे जन्मलेले डॉ. लागू व्यवसायाने कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. १९७० मध्ये ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर आणि १९७२ मध्ये ‘पिंजरा’तील गुरुजी साकारून त्यांनी मराठी मनात घर केले होते. ‘इन्कार’मधील द्विधा मनःस्थितीत सापडलेला उद्योगपती त्यांनी संयमाने उभा केला. डॉ. लागू यांचे १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात निधन झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे संकलक वामन भोसले. मूळचे गोव्यातील पोंबुर्पा येथील भोसले यांना ‘इन्कार’च्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे ते पहिले मानकरी ठरले. तपासपटात प्रसंग कोठे तोडायचा आणि प्रेक्षकाला किती माहिती कधी द्यायची, यावर सारा परिणाम अवलंबून असतो. त्यामुळे या सन्मानाचा पहिला मान एका रहस्यपटाला मिळणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. ‘दो रास्ते’, ‘कर्ज’ अशा गाजलेल्या चित्रपटांचे संकलन करणाऱ्या भोसले यांचे २६ एप्रिल २०२१ रोजी निधन झाले. तिसरी गोष्ट अर्थातच उषा मंगेशकर यांचा ठसकेबाज स्वर.

मुळाचा शोध

‘इन्कार’ची कथा मूळची भारतीय नाही. अमेरिकन लेखक एव्हन हंटर यांनी ‘एड मॅकबेन’ या टोपणनावाने १९५९ मध्ये ‘किंग्ज रॅन्सम’ ही पोलीस कादंबरी लिहिली. तिच्यावरून जपानचे श्रेष्ठ दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९६३ मध्ये चित्रपट केला. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा असून जगभर तो ‘हाय अँड लो’ या नावाने ओळखला जातो. टेकडीवरील वातानुकूलित बंगल्यात राहणारा उद्योगपती आणि खालच्या उकाड्याच्या वस्तीतून त्या बंगल्याकडे पाहणारा अपहरणकर्ता, अशी त्याची मांडणी आहे. उद्योगपतीची भूमिका तोशिरो मिफुने यांनी केली.

पोलीस तपासाचे इतके बारकाईचे चित्रण त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. धावत्या रेल्वेच्या प्रसाधनगृहाची खिडकी केवळ ७ सेंटीमीटर उघडते, म्हणून तेवढ्याच जाडीच्या बॅगेत पैसे भरण्याची अट गुन्हेगार घालतो. पोलीस त्या बॅगेत रसायन दडवतात. बॅग जाळताच गुलाबी धूर निघतो आणि संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात तेवढाच धूर रंगीत दिसतो. ध्वनिमुद्रित केलेल्या दूरध्वनी संभाषणामागे ऐकू येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ठिकाण हुडकले जाते. याच कथेवर आधारित ‘हायेस्ट टू लोएस्ट’ हा चित्रपट अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक ली यांनी २०२५ मध्ये सादर केला. म्हणजे साठ वर्षांनंतरही या कथेची धार बोथट झालेली नाही.

कुरोसावांच्या चित्रपटानंतर जपानमध्ये वास्तवाने कल्पनेला गाठले. चित्रपट मार्च १९६३ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोत एका चार वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन त्याची हत्या झाली. त्यानंतर १९६४ मध्ये जपानने आपल्या दंडसंहितेत दुरुस्ती करून खंडणीसाठीच्या अपहरणाला कठोर शिक्षेची तरतूद केली.

कायदा काय सांगतो?

‘इन्कार’ प्रदर्शित झाला तेव्हा भारतीय दंडविधानात खंडणीसाठीच्या अपहरणाचे स्वतंत्र कलम नव्हते. ते कलम ‘३६४ अ’ म्हणून १९९३ मध्ये आले. त्यात फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद करण्यात आली. मात्र भीक मागण्यासाठी मुले पळवण्याविरुद्धचे कलम ‘३६३ अ’ १९६० पासूनच अमलात होते. दहा वर्षांखालील मुलाच्या अंगावरील दागिने वा अन्य वस्तू चोरण्यासाठी त्याला पळवणे हा गुन्हा तर १८६० च्या मूळ दंडविधानातच होता. जत्रेला जाताना मुलांच्या अंगावर सोने घालू नये, असे घरातील वडीलधारी माणसे का सांगत, याचे उत्तर या कलमात दडलेले आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. आता अपहरणासाठी कलम १३७, भीक मागण्यासाठीच्या अपहरणासाठी कलम १३९, खंडणीसाठीच्या अपहरणासाठी कलम १४० (२), तर लहान मुलाच्या अंगावरील वस्तू चोरण्याच्या हेतूने केलेल्या अपहरणासाठी कलम ९७ लागू होते. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

खंडणी मागितलीच जात नाही तेव्हा

चित्रपटातील अपहरणकर्ता दूरध्वनी करतो. त्यामुळे तपासाला धागा मिळतो. महाराष्ट्राला हादरवणाऱ्या सर्वांत भीषण बाल अपहरण प्रकरणात असा दूरध्वनी कधीच आला नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिकसह राज्याच्या विविध भागांतून मुले पळवली. गर्दीत पाकीटमारी आणि दागिन्यांची चोरी करताना मुलाची ढाल करायची, पकडले गेल्यास त्याला पुढे करून लोकांची सहानुभूती मिळवायची आणि मूल नकोसे झाले की त्याला संपवायचे, अशी त्यांची पद्धत होती. जत्रा, देवळे, बसस्थानके ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. पळवलेली मुले प्रामुख्याने गरिबाघरची होती आणि पहिले बालक तर भीक मागणाऱ्या एका महिलेचे होते.

१९९६ मध्ये या तिघींना अटक झाली. रेणुकाचा पती किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाईचा १९९७ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. परंतु दयेच्या अर्जावरील निर्णयास झालेल्या प्रदीर्घ विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ही शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित केली. या प्रकरणावरून प्रेरित ‘पोशम पा’ हा हिंदी चित्रपट सुमन मुखोपाध्याय यांनी २०१९ मध्ये केला.

सहा वर्षे एकामागून एक मुले नाहीशी होत राहिली आणि तरीही त्यांना जोडणारा धागा हाती लागला नाही, ही या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. ‘इन्कार’मधील नोकराच्या मुलासाठी अख्खे पोलीस दल धावते, कारण दूरध्वनी मालकाच्या बंगल्यात खणखणलेला असतो. ज्या आईला बंगला नाही आणि दूरध्वनीही नाही, तिच्या मुलाचे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

पहिले काही तास

अनुराग कश्यप यांच्या ‘अग्ली’ या चित्रपटाने नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. २०१३ च्या कान महोत्सवातील ‘डिरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवलेला हा चित्रपट भारतात डिसेंबर २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. मोटारीतून नाहीशी झालेल्या दहा वर्षांच्या मुलीचा शोध हा त्याचा विषय आहे. तक्रार नोंदवायला आलेल्या बापाला ठाण्यातील अधिकारी भलत्याच प्रश्नांत गुंतवून ठेवतो, हा प्रसंग गिरीश कुलकर्णी यांच्या अभिनयामुळे गाजला. हसू यावे आणि त्याच क्षणी अंगावर काटा यावा, असा तो प्रसंग आहे. कारण तेथे वाया जाणारे प्रत्येक मिनिट मुलीच्या आयुष्यातून वजा होत असते.

‘चोवीस तास वाट पाहा, मूल येईल परत,’ हे वाक्य अनेक पालकांनी ऐकलेले असते. त्याला कायद्याचा आधार नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’ संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट आदेश दिला. मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आल्यास ते अपहरण किंवा मानवी तस्करीचे प्रकरण असल्याचे गृहीत धरून तातडीने प्रथम माहिती अहवाल नोंदवावा, असे त्यात म्हटले आहे. चार महिन्यांत मूल न सापडल्यास तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे सोपवण्याचेही निर्देश आहेत. हद्दीचा वाद घालून तक्रारदाराला परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात ‘शून्य क्रमांकाने’ गुन्हा नोंदवण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

पंढरीची गर्दी

पंढरपुरात चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार मोठ्या यात्रा भरतात. चंद्रभागेचे वाळवंट, महाद्वार, प्रदक्षिणा मार्ग, दर्शनबारी आणि ६५ एकर परिसर या काळात माणसांनी फुलून जातो. गावोगावचे भाविक येथे एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात, विश्वासाने पोर शेजाऱ्याच्या हाती देतात. या विश्वासावरच वारी चालते. एकादशीच्या गर्दीत होणारी चुकामूक बहुतेक वेळा ध्वनिक्षेपकावरील पुकाऱ्याने आणि पोलिसांच्या मदत केंद्रात संपते. तरीही प्रत्येक वेळी ती तशीच संपेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

मराठी चित्रपटाने पंढरीतील बालकांकडे मायेने पाहिले आहे. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मधील (२०१४) मुले यात्रेच्या गर्दीत आपली सायकल वाचवण्यासाठी धडपडतात, तर मकरंद माने यांच्या ‘रिंगण’मधील मुलगा पंढरपुरात आपल्या आईचा शोध घेतो. दोन्ही चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. पंढरीवर तपासपट मात्र अद्याप निघायचा आहे.

पालकांनी काय करावे?

वारीला मुले बरोबर नेताना त्यांच्या खिशात नाव, गाव आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. पालखीबरोबर येणाऱ्यांनी त्यावर दिंडीचा क्रमांक आणि दिंडी रथापुढची की रथामागची, हेही लिहावे. वारकरी तेवढ्यावरून माणूस पोहोचवतात. त्या दिवशीच्या कपड्यांतील मुलाचे छायाचित्र मोबाइलमध्ये असावे. अंगावर दागिने घालू नयेत. मूल दिसेनासे झाल्यास स्वतः शोधत फिरण्यात वेळ न घालवता एकाने जागेवर थांबावे आणि दुसऱ्याने जवळचे पोलीस मदत केंद्र गाठावे. ११२ या क्रमांकावर पोलिसांशी, तर १०९८ वर बालकांसाठीच्या मदत सेवेशी संपर्क साधता येतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झालेली १०९८ ही सेवा २०२३ पासून शासनामार्फत चालवली जाते व ११२ शी जोडलेली आहे.

एकटे रडणारे मूल दिसल्यास त्याला घेऊन गर्दीत हिंडण्यापेक्षा तेथेच थांबून पोलीस किंवा स्वयंसेवकांना बोलवावे. तसेच मुलाला ओढत नेणाऱ्या व्यक्तीविषयी शंका आल्यास ‘दुसऱ्याचे मूल आहे, आपल्याला काय’ असे म्हणून पुढे जाऊ नये. ‘इन्कार’मधील उद्योगपतीपुढे नेमका हाच पेच होता. आपल्या तिजोरीतील पैसा दुसऱ्याच्या मुलासाठी मोजायचा की नाही, हे त्याला ठरवायचे होते. वारीतील वाटसरूला पैसा मोजायचा नसतो. फक्त दोन मिनिटे थांबायचे असते.