मोमिनाबाद ते अंबाजोगाई, 21 किलोमीटर

साल 1919. गावाचं नाव मोमिनाबाद. कागदोपत्री तरी तेच, कारण राज्य निजामाचं आहे. आई मात्र योगेश्वरीला हात जोडताना अंबाजोगाईच म्हणते. तुम्ही विशीतले आहात. बालाघाटच्या रानात ढोरांमागे पळण्यात तुमचं लहानपण गेलं, पायात वहाण कधी आलीच नाही. बाजारच्या दिवशी कुणाकडून तरी कानावर येतं की पुण्यात डेक्कन जिमखाना म्हणून काही आहे आणि तिथे पळायच्या शर्यती लावतात. पळायच्या! त्यासाठी बक्षीससुद्धा देतात.

लातूरपर्यंत बैलगाडी. तिथून बार्शी लाइट रेल्वेची ती चिमुकली गाडी, 1911पासून लातूरला येणारी. चढावर तिचा दम लागलेला ऐकून तुम्हाला वाटतं, उतरून पळालो तर हिच्या आधी पोचू. हा आत्मविश्वास लक्षात ठेवा, पुढे त्याचं बिल भरायचं आहे. कुर्डुवाडीला मोठ्या रुळांवरची गाडी मिळते आणि पुण्यात उतरता तेव्हा गाठोड्यात भाकरीचे तुकडे आणि तळाला ठेचा उरलेला असतो.

मैदान पाहून तुम्ही चकित होत नाही. ते तुमच्या गावच्या माळासारखंच आहे, खडबडीत गवताचं, रूळ न फिरवलेलं. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून पळवायची असं इथे घाटतंय, कारण सरळ तेवढी जागाच नाही. दोऱ्या लावून प्रत्येकाची पट्टी वेगळी करायची असते, हेही कुणाच्या डोक्यात नाही. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे सगळं बघतायत. विलायतेत शिकलेल्या या माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते चेहऱ्यावरून तुम्हाला कळणार नाही. नंतर त्यांनी लिहून ठेवलं की पळणारी सगळी शेतकऱ्यांची पोरं होती, शेतात राबणारी, जेमतेम खाणारी, आणि युरोपातल्या नियमांचा त्यांना गंधही नव्हता.

तुमची शर्यत शेवटची आहे. तिला ‘मॅरेथॉन’ म्हणतात, अंतर सुमारे 25 मैल. टाटांना ते नाव चुकीचं वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर त्या वर्षी मॅरेथॉनचं अंतर जगातच पक्कं नव्हतं. 42.195 किलोमीटर हा आकडा आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवला तो 1921 साली. तुम्हाला मैल म्हणजे किती तेही नीट ठाऊक नाही. लांब आहे एवढं कळलंय.

आणि तुम्ही सुटता.

पहिले दोन-तीन मैल तुम्ही सगळ्यांच्या पुढे आहात. श्वास मोकळा, पाय हलके. मागून येणारे असे संथ का पळतायत, याची तुम्हाला कीव येते. त्यांच्यातला एक वयस्कर गडी ओरडतो, “पोरा, दमानं!” तुम्हाला वाटतं, जळतोय. रस्ता खडीचा आहे. रानातल्या काळ्या मातीवर तयार झालेले तळवे या खडीला नवखे आहेत, पण अजून काही जाणवत नाही. सकाळी पोटभर भाकरी खाल्लीय, शक्ती यावी म्हणून. ती आता पोटात एका बाजूने दुसऱ्या बाजूला हिंदकळतेय.

सहाव्या-सातव्या मैलावर तो वयस्कर गडी तुमच्या बाजूने निघून जातो. तुमच्याकडे बघतही नाही. पाठोपाठ आणखी चौघे. रस्त्याकडेला कुणी घागर घेऊन उभं आहे. तुम्ही ओंजळीवर ओंजळ पाणी पिता, थांबून, घशापर्यंत. पुन्हा पळायला लागताच कुशीत कळ येते. सुरुवातीच्या वेगाने स्नायूंतला साखरेचा साठा उधळला गेलाय, आणि ती उधळपट्टी भरून काढण्याचा कोणताच उपाय आता हातात नाही. मांड्या शब्द ऐकत नाहीत. अर्ध्या वाटेपलीकडे कुठेतरी, तेराव्या मैलाच्या आसपास, तुम्ही एका झाडाखाली बसता.

तेरा मैल म्हणजे 21 किलोमीटर. नकळत तुम्ही तुमची पहिली हाफ मॅरेथॉन पळून बसलाय. तिला अजून कुणी शर्यत मानत नाही, त्यामुळे तुमची गणना ‘सोडून दिलेल्यां’त होते.

पुढे गेलेल्या तिघा-चौघांनी मात्र टाटांना चकित केलं. अनवाणी, शिकवणीशिवाय, अशा रस्त्यावर त्यांनी दिलेली वेळ युरोपातल्या तयार गड्यांच्या जवळपासची होती. टाटांनी गव्हर्नर लॉइड यांच्यापुढे विषय काढला की येत्या ऑलिंपिकला आपली माणसं का पाठवू नयेत? त्या खटपटीतली एक गोष्ट अजून सांगितली जाते. शंभर मीटरला पात्र ठरायला किती वेळ चालेल, असं विचारल्यावर जिमखान्याच्या एका सभासदाने सांगितलं, मिनिट-दोन मिनिटं असेल. तिथे मिनिटं नव्हे, सेकंदाचे तुकडे मोजतात, हे कळल्यावर मंडळी थक्क झाली. या गोष्टीला हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्या सभासदाबद्दल आपुलकी वाटते, कारण घड्याळाशी पहिली ओळख सगळ्यांची अशीच होते. झाडाखाली बसलेल्या तुमची तरी काय वेगळी झाली?

तुमचे पाय गेलेत, पण डोळ्यांना पुढे जायची मुभा आहे. 22 ऑगस्ट 1920, अँटवर्प. थंड हवा, पाऊस. आजची शर्यत 42.75 किलोमीटरची, ऑलिंपिकमधली आजवरची सर्वांत लांब मॅरेथॉन. गर्दीत आपल्याकडून पाठवलेले दोघे आहेत, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले याच आठवड्यात 10,000 मीटरही पळलेत. आजचा कोणताही प्रशिक्षक या गोष्टीवर कपाळाला हात लावेल, आणि नवशिक्याची चूक म्हणून ती फळ्यावर लिहील. दातार शेवटपर्यंत पोचत नाहीत. झाडाखाली बसण्याची ती भावना तुम्हाला नवी नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघून मान हलवता. चौगुले मात्र 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत स्टेडियममध्ये शिरतात, 19वे. म्हणजे एक किलोमीटर साधारण चार मिनिटांत, आणि असे जवळजवळ त्रेचाळीस. पहिला आलेला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन आणि दुसरा आलेला एस्टोनियाचा युरी लॉसमान यांच्यात एवढ्या अंतरानंतर तेरा सेकंदांचंसुद्धा अंतर नाही.

आता शंभर वर्षं ओलांडा. 29 नोव्हेंबर 2020, रविवार. गाव आता सगळ्यांच्या तोंडी अंबाजोगाई आहे. कोरोनामुळे दिल्ली हाफ मॅरेथॉनच्या रस्त्यावर फक्त निवडक धावपटू आहेत. बाकीच्यांनी आपापल्या गावात पळायचं आणि मोबाइलच्या ॲपने मोजायचं. म्हणून तुम्ही पहाटे अंधारात योगेश्वरीच्या देवळासमोर उभे आहात. दिवाळीच्या पाडव्यालाच देवळं पुन्हा उघडलीत. दंडाला मोबाइल बांधलाय, पायात महिनाभर वापरून मऊ झालेले बूट आहेत, पोटात एक केळं आणि अर्धी पोळी. पाणी जवळच्या बाटलीतून, घोट घोट.

तिकडे दिल्लीत याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस पळतोय, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेचं सहा किलोमीटर अंतर पायी काटणारा, पुढे महार रेजिमेंटचा सैनिक, सियाचिनला राहून आलेला. त्याचा मूळ प्रकार स्टीपलचेस. आज तो 1 तास 30 सेकंदांत पोचणार आहे, 61 मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय म्हणून. किलोमीटरला 2 मिनिटं 52 सेकंद. तुम्ही किलोमीटरला सात मिनिटं ठरवलीत आणि पहिले पाच किलोमीटर त्याहून जोरात जायचं नाही, असं स्वतःला बजावलंय. हे सगळ्यात कठीण. मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीत उतरताना रस्ताच तुम्हाला ढकलतो, आणि पाय म्हणतात जाऊ दे. नवा गडी चढाला भितो. मांड्यांची वाट लावतो तो उतार, कारण प्रत्येक पावलाला तिथे सारं वजन रोखावं लागतं. तुम्ही पावलं लहान करता. दोन पोरं खिदळत तुमच्या पुढून सुसाट उतरतात. “दमानं रे!” तुमच्या तोंडून निघून जातं.

परतीच्या चढावर ती दोघं कमरेवर हात ठेवून उभी दिसतात. थोडा आनंद होतो. होऊ द्या.

सोळाव्या किलोमीटरनंतर दुखतंच, त्याला इलाज नाही. पण वेग शाबूत आहे, तळवे शाबूत आहेत, कुशीत कळ नाही. गावात शिरता तेव्हा उजाडून बराच वेळ झालाय. ठरवल्याप्रमाणे बसस्टँडपाशी थांबून मोबाइल बघता. 20.7 किलोमीटर. झाडाखाली बसलेल्याला अंतर विचारायची सोय नव्हती. तुम्हाला आहे, आणि अजून 400 मीटर बाकी आहेत. तुम्ही स्टँडसमोर येरझाऱ्या घालायला लागता, फाटकापर्यंत आणि परत, नजर आकड्यांवर.

चहाच्या टपरीवरचा एकजण बशी खाली ठेवतो. “ओ सर, गाडी हुकली का काय?”

“नाही ओ, थोडं राहिलंय.”

“मग इतकं कामून पळायलाव? पुढची परळी आठला हाय.”