विश्वासाची दहा सेंटिमीटरची रेघ

चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था, जिला सारा उत्तर भारत 'पीजीआय' म्हणतो, १९६२ साली सुरू झाली, तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याचे बहुधा हाड मोडल्यावरच कळत असे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांतील खनिज घटून ती आतून विरळ होण्याचा विकार, आधीच ओळखता येऊ लागला तो घनता मोजणारी 'डेक्सा' यंत्रे आल्यावर, आणि त्याची सर्वमान्य सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली.

हाड मोजता आले, तरी हाड जपण्याची उमेद कशी मोजावी हा प्रश्न उरलाच होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाची मोफत क्ष-किरण तपासणी उपलब्ध असूनही अनेक जण तिकडे फिरकत नसत, आणि त्याचा शोध घेताना तेथील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी लोकांच्या आरोग्यविषयक समजुतींचा सिद्धान्त मांडला. १९७७ मध्ये आल्बर्ट बँडुरा यांनी त्यापुढचा दुवा पुरवला : एखादी कृती आपल्या हातून पार पडेल असा विश्वास, म्हणजेच स्वक्षमतेचा विश्वास, नसेल तर नुसत्या माहितीने वागणे बदलत नाही.

मिशिगनमधील होरान, किम, जेंडलर आदी अभ्यासकांनी १९९८ मध्ये ही कल्पना हाडांना लावली. त्यांच्या मापनश्रेणीत व्यायाम आणि कॅल्शियम असे दोन भाग आहेत. प्रत्येक प्रश्नाखाली दहा सेंटिमीटरची आडवी रेघ असते. तिचे डावे टोक 'मुळीच विश्वास नाही' आणि उजवे 'खूप विश्वास आहे' असे मानून उत्तर देणारी व्यक्ती मध्ये कुठेतरी खूण करते, आणि मग ती खूण पट्टीने मोजून गुण दिले जातात. व्यायाम सुरू करता येईल का, तो अवघड वाटला तरी टिकवता येईल का, कॅल्शियमयुक्त पदार्थ सहज मिळत नसले तरी ते मिळवता येतील का, असे हे प्रश्न अतिशय नेमके आहेत, आणि तेच या साधनाचे खरे बळ आहे.

परंतु ही रेघ परक्या मातीतली आहे. पीजीआयच्या 'चंदीगड अर्बन बोन एपिडेमिऑलॉजिकल स्टडी' या अभ्यासाने हाडांच्या झिजेचे व घडणीचे रक्तातील निर्देशांक स्थानिक निरोगी प्रौढांवरून ठरवले, कारण पाश्चात्त्य प्रमाणे येथील शरीरांना जशीच्या तशी लावणे योग्य नव्हते. मग विश्वासाच्या मोजमापाला वेगळा न्याय का असावा? १९५८ मध्ये उभ्या राहिलेल्या चंदीगडच्या सुखना तलावाच्या बांधावर वाहने येऊ नयेत, असा शहराचे रचनाकार ल कॉर्ब्युझिए यांचा आग्रह होता, आणि चालायला अशी मोकळी जागा लाभलेल्या स्त्रीची व्यायामाविषयीची खूण अरुंद गल्लीतल्या स्त्रीपेक्षा उजवीकडे सरकली, तर तो केवळ तिच्या मनोधैर्याचा फरक म्हणता येणार नाही. आहाराचेही तसेच आहे : पंजाबी घरात दूध, दही आणि पनीर हाताशी असते, पण घरातल्या सर्वांचे वाढून झाल्यावर गृहिणीच्या वाट्याला त्यातले किती उरते, हे ती रेघ विचारत नाही. हीच प्रश्नावली मराठीत आणायची तर तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी नावानिशी आली पाहिजे.